खुर्चीखालची पिवळी भुकटी

सबनीस काकांची बेल वाजवली की दार उघडायच्या आधी दारातल्याच लेटरबॉक्सची झडप उघडायची. तिच्यातून दोन डोळे दिसायचे आणि प्रश्न यायचा, "तुला कुणी पाठवलं?"

आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहायला आलो त्या दिवाळीत मी शेजारधर्म म्हणून चकल्या घेऊन गेलो, तेव्हाही हेच. बायकोने पाठवलं, असं मी खरं ते सांगितलं. काकांनी डबा हुंगला आणि पहिली चकली मला खायला लावली.

काका हॉस्पिटलच्या लॅबमधून रिटायर झालेले. उभा जन्म दुसऱ्यांचं रक्त तपासण्यात गेल्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या माणसावर त्यांचा मुळीच विश्वास नव्हता. पोस्टमन पत्रं वाचतो, ब्रॉडबँड बसवायला आलेला पोरगा घराचा नकाशा मनात काढून गेला, असं ते शांतपणे सांगत. पण सगळ्यात मोठं प्रकरण खुर्चीचं.

फ्रंट रूममध्ये खिडकीशी एक लाल खुर्ची होती. बुटकी, पितळी पायांची, हात नसलेली. काकूंनी ती फार पूर्वी जुन्या वस्तूंच्या चॅरिटी शॉपमधून आणलेली. काकू गेल्यावर वर्षभराने टीव्हीवर त्या खुर्चीची जुळी बहीण दिसली. इटलीतल्या कुठल्याशा नाचघरासाठी खास घडवलेली, आता जगात अशा मोजक्याच उरलेल्या, म्हणून किंमत अफाट. हात नाहीत, कारण बाईला घेरदार झग्यासकट पटकन नाचायला उठता यावं. लवकरच काकांनी खुर्चीला आडवा काळा दोरा बांधला. किमतीने म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, याबद्दल आम्हा मराठी मंडळींत दुमत नव्हतं.

खुर्चीखाली रोज थोडी पिवळी भुकटी पडलेली असे. काकांच्या लेखी तो पुरावा होता. "कुणीतरी बसतंय," ते म्हणत. त्यांच्या घराची दुसरी किल्ली अडीअडचणीसाठी माझ्याकडे असल्यामुळे 'कुणीतरी' म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. वैतागून मी किल्ली परत केली, तर म्हणाले, "आत्ताच का परत करतोयस?"

संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा मीनलला, म्हणजे माझ्या बायकोला, सातवा महिना होता. पाय सुजलेले. ती त्या खुर्चीवर टेकायला गेली आणि काका चक्क आडवे आले. तिळगूळ तिथेच ठेवून आम्ही निघालो. या माणसाशी संबंध पुरे, असं मी ठरवून टाकलं.

पुढच्याच आठवड्यात काकांनी आमची बेल वाजवली. लंडनहून जुन्या फर्निचरचा एक जाणकार खुर्ची बघायला येणार होता. माणूस संशयास्पद वाटत असल्यामुळे मी साक्षीदार म्हणून हजर राहायचं होतं. मी रागातच गेलो. मीनलही आली, खरं तर किंमत ऐकायला.

जाणकाराने गुडघे टेकून टॉर्च मारला, भुकटी बोटांत चोळली. म्हणाला, कुणी बसत नाहीये. आतला फोम जुना झालाय, बसा किंवा बसू नका, वर्ष-दोन वर्षांत त्याचं पीठ होणार. पुढच्या कडेला खड्डाही पडलाय. नवा फोम घातला तर उत्तम भाव येईल.

"कुणीच बसत नव्हतं?" काकांनी त्याला दोनदा विचारलं. मग नवा फोम नको म्हणून सांगितलं आणि त्याला दारापर्यंत पोचवून आले.

"तो खड्डा तुमच्या काकूचा आहे," ते आम्हाला म्हणाले. "जन्मभर टोकावर बसली. कुणी आलं की चहाला उठायला बरं म्हणून. दुसऱ्या कुणी बसून तो मोडू नये, एवढंच बघत होतो रे."

मला माझीच लाज वाटली. काकांकडे पकडायला आता कुणी चोरही उरला नव्हता.

काकांनी खाली वाकून दोरा सोडायला घेतला. गाठ सुटेना, तरी मला हात लावू दिला नाही.

"बस, पोरी."

मीनल बिचकत अगदी टोकाला बसली. काकांनी आधी खुर्चीच्या त्या कडेकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं, जरा टेकून बस," ते म्हणाले. "कितीदा सांगायचं."

मीनल टेकून बसली, आणि काका चहा टाकायला आत गेले.