दुसरा मजला, लिफ्ट डावीकडे

शाखा कचेरीत डिजिटल फलक बसवण्यात आले तेव्हा कोणाच्याही मनात पाप नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं ऐकलं की लोक उगाच कोणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायला बघतात. फलक चांगलेच होते. चित्र स्वच्छ, अक्षरं ठसठशीत. एक दाराशी, एक दालनात, आणि एक खुद्द शाखाप्रमुखांच्या खोलीत, म्हणजे बाहेर काय चाललंय हे त्यांना बाहेर न जाता कळावं. सगळे फलक मुख्यालयाशी जोडलेले. तिथल्या थंडगार खोलीत बसलेल्या माणसाने बटण दाबलं की राज्यभरच्या साऱ्या शाखांत एकाच क्षणी एकच मजकूर उजळणार. याला एकसूत्रता म्हणतात, असं उद्घाटनाच्या भाषणात सांगण्यात आलं आणि टाळ्या पडल्या.

त्याआधी दारात शिपाई उभा असायचा. कोणी काही विचारलं की तो बोट दाखवायचा. पण त्या बोटाला मुख्यालयाची मंजुरी नव्हती, शिवाय ते फक्त एकाच शाखेत दिसायचं. सबब, शिपायाने यापुढे बोट खाली ठेवावे अशी लेखी समज त्याला देण्यात आली. भिंतीवरची रंगवलेली पाटीही उतरवली आणि तिचं फळकूट पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून गेलं.

मग फलक उजळले. त्यांच्यावर आलं: ‘जन्मदाखले: खिडकी क्रमांक चार, दुसरा मजला. लिफ्ट डावीकडे.’

कचेरीची इमारत बैठी होती.

आता एखादा म्हणेल, चूक झाली, दुरुस्त करा, विषय संपला. शाखाप्रमुखांनाही तसंच वाटलं होतं. माणूस सरळमार्गी. चिडला तरी आवाज न चढवणारा, आणि रजेचा अर्ज करतानासुद्धा आधी स्वतःची परवानगी घेणारा. त्यांनी मुख्यालयात फलकांचं जाळं सांभाळणाऱ्या जाळेप्रमुखांना फोन लावला.

“साहेब, आमच्याकडे दुसरा मजला नाही.”

“पहिला आहे?”

“पहिलाही नाही. बैठी इमारत आहे.”

“म्हणजे तुमची तफावत दोन मजल्यांची आहे,” जाळेप्रमुख गंभीर झाले. “आणि लिफ्ट?”

“मजलेच नाहीत तर लिफ्ट कुठून असेल? साहेब, तेवढा मजकूर बदलून टाका ना.”

“अहो, तुमच्यासाठी बदलला की सगळीकडे बदलणार. मग जिथे दुसरा मजला आहे त्यांनी काय करायचं? त्यांना मजले पाडावे लागतील. तुम्हाला नुसते बांधायचे आहेत. सोपं कोणाचं आहे, सांगा बरं?”

जाळेप्रमुखांनी मग समजुतीच्या सुरात नियम वाचून दाखवला: फलक व वास्तव यांत तफावत आढळल्यास वास्तव तातडीने दुरुस्त करावे. “यात राग मानू नका,” ते म्हणाले. “फलकावरच्या प्रत्येक ओळीवर समितीची सही असते. तुमच्या वास्तवावर कोणाची सही आहे?”

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण शाखाप्रमुखांच्या घरात त्याच आठवड्यात नातवाच्या शाळाप्रवेशाचं निघालं होतं. मुलगी लेकराला घेऊन माहेरी येऊन राहिली होती. शाळा घराजवळ, एकच जागा उरलेली, आणि जन्मदाखला आणून देण्याची शेवटची मुदत शुक्रवार. “दाखला ना? तो तर माझ्या डाव्या हाताचा मळ!” असं शाखाप्रमुख जेवताना सर्वांसमोर बोलून बसले होते. आणि नव्या नियमाप्रमाणे फलकावर दाखवलेल्या जागेखेरीज इतरत्र दिलेला दाखला अग्राह्य ठरत होता. खिडकी चारच्या बाई तळमजल्यावर हाताची घडी घालून बसून होत्या. बिचाऱ्या चुकीच्या मजल्यावर होत्या.

“म्हणजे तुमच्याच कचेरीतून तुमच्याच नातवाचा दाखला मिळत नाही?” बायकोने रात्रीची भांडी आवरता आवरता विचारलं.

“मिळेल गं. आधी वास्तव दुरुस्त व्हायला हवं.”

“मग एक स्क्रीन इथे ओट्यावर लावा. त्याच्यावर येऊ दे, ‘भांडी शाखाप्रमुख घासतात.’ बघू तुमचं वास्तव किती तातडीने दुरुस्त होतं ते!”

शाखाप्रमुखांनी विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांची बैठक घेतली. कोणीतरी म्हणालं, गच्ची म्हणजे पहिला मजलाच की. ते सर्वांना पटलं. मग गच्चीवरची पाण्याची टाकी म्हणजे ओघानेच दुसरा मजला. खिडकी चारचं टेबल दोर लावून टाकीवर चढवलं. मागोमाग बाईंना चढवलं. वारा होता, म्हणून कागदांवर ठेवायला त्यांना विटा दिल्या आणि डोक्यावर धरायला छत्री दिली.

“साहेब, मी खिडकी क्रमांक चार आहे,” बाई वरून ओरडल्या. “इथे खिडकी कुठाय?”

मुद्दा बिनतोड होता. खालची खिडकी चौकटीसकट उखडून टाकीवर उभी करण्यात आली. चारी बाजूंनी मोकळं आकाश आणि मधोमध एक खिडकी. त्या पलीकडे बाई. एक गृहस्थ लोखंडी शिडीने वर आले आणि चौकटीला वळसा घालून सरळ बाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले, तर बाईंनी त्यांना असं काही झापलं की ते मुकाट्याने फिरून चौकटीसमोर आले आणि वाकून गजांतून बोलू लागले.

लिफ्टचं मात्र जड जाईल असं वाटलं होतं. फलक म्हणत होता डावीकडे, आणि डावीकडे झाडू-बादल्या ठेवायची खोली होती. शाखाप्रमुखांनी मन घट्ट करून बादल्या बाहेर काढल्या आणि शिपायाची नेमणूक लिफ्टचालक म्हणून केली. लोक येत, फलक वाचत, डावीकडे वळत आणि त्या खोलीत दाटीवाटीने दाराकडे तोंड करून उभे राहत. शिपाई दार लावून घेई, बेताने दोनदा खोकून उघडी आणि पुकारी, “दुसरा मजला!” लोक बाहेर पडत. समोर तेच दालन. काही जण चुकून खालीच आलो असं समजून पुन्हा आत शिरत. ज्यांना घाई असे ते मागच्या दाराने शिडीकडे जात. लिफ्ट नाही अशी तक्रार एकानेही केली नाही, हे नोंद घेण्यासारखं आहे. तक्रारी आल्या त्या दोनच: लिफ्ट संथ आहे, आणि लिफ्टमध्ये फिनेलचा वास येतो.

शाखाप्रमुखांना आता जरा हायसं वाटलं. मुलीला ते म्हणाले, “शुक्रवारी सकाळी ये. रीतसर रांगेत उभी राहा. ओळखीने काम केलं असं कोणी म्हणायला नको.”

“बाबा, नक्की ना? दुपारी शाळेची खिडकी बंद होते.”

“अगं, मी आहे ना!”

शुक्रवारी सकाळी मुलगी झोपाळलेल्या लेकराला खांद्यावर टाकून आली. रांग टाकीपासून शिडीने उतरून, लिफ्टला वळसा घालून पार दालनापर्यंत आली होती. ती रांगेत लागली. आणि नेमके त्याच वेळी कचेरीत मुख्यालयाचे तफावत निरीक्षक हजर झाले. हातात टॅब. टॅबवर फलकावरचा मजकूर. ते आधी टॅबकडे बघत, मग जगाकडे, आणि जग बरोबर असलं की त्यावर टिकमार्क करत.

टाकी बघून ते खूष झाले. चौकट बघून तर त्यांनी शाखाप्रमुखांची पाठ थोपटली. “इतर शाखांनी शिकण्यासारखं आहे,” ते म्हणाले. लिफ्टमधून एक फेरी मारून आले. बाहेर पडल्यावर क्षणभर त्यांना गरगरलं, तेव्हा उंचीचा त्रास होतो म्हणाले.

तेवढ्यात सगळ्या फलकांवरचा मजकूर एकदम बदलला. मुख्यालयात त्या दिवशी मंत्र्यांची भेट होती आणि सेवेचा वेग दाखवायचा होता. आता फलकांवर आलं: ‘आपली सेवा तत्पर. रांग: नाही.’

निरीक्षकांनी टॅबकडे बघितलं. मग दालनाकडे बघितलं. चेहरा पडला त्यांचा.

“हे काय आहे?”

“रांग,” शाखाप्रमुख म्हणाले.

“रांग नाहीये.”

“हो, पण आहे.”

“शाखाप्रमुख, इतकं चांगलं काम केलंत आणि शेवटी एवढ्याशासाठी शेरा घेणार? दुरुस्त करा.”

शाखाप्रमुख रांगेच्या टोकापासून निघाले. प्रत्येकापाशी थांबून, नम्रपणे, हात जोडून सांगू लागले, “आपण नाही आहात. कृपया बाहेर चला.” लोक तसे समजूतदार. फलकाकडे बघत, मान डोलवत आणि बाहेर जात. एका आजोबांनी तर उलट माफी मागितली. असं करत करत शाखाप्रमुख मुलीपाशी आले.

“बाबा, रांग सरकतेय तशी. होईल ना वेळेत?”

शाखाप्रमुखांनी वळून बघितलं. मागे निरीक्षक टॅब धरून उभे होते.

“बाळा,” ते शेवटी म्हणाले, “तू नाहीयेस.”

“म्हणजे?”

“रांग नाहीये. म्हणजे तूही नाहीयेस. आणि हाही नाही.” त्यांनी खांद्यावर झोपलेल्या नातवाच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ चांगली ऊबदार होती, घामेजलेली होती. नसलेल्या पोराची पाठ अशी कशी लागेल हाताला? शाखाप्रमुखांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मग उभ्या नोकरीत कधी आला नव्हता तसा राग आला. निव्वळ राग.

ते तरातरा भिंतीपाशी गेले आणि हाताला लागेल ती वायर खसकन ओढली.

सगळे फलक एकदम काळे पडले. निरीक्षकांचा टॅबही त्याच जाळ्यावर होता. तोही विझला. “आता मी तफावत कशाशी मोजू?” असं म्हणत ते लिफ्टच्या दारात बसकण मारून बसले.

“ऐका सगळे!” शाखाप्रमुख ओरडले. त्यांचा चढलेला आवाज कचेरीने पहिल्यांदाच ऐकला. बाहेर गेलेले लोकही आत डोकावले. “इथे दुसरा मजला नाही! लिफ्ट नाही! ती झाडू ठेवायची खोली आहे! दाखला देण्याचा अधिकार माझा आहे, आणि मी इथे आहे!” त्यांनी दालनाच्या मधोमध टेबल ओढलं, कोरे कागद घेतले, शिक्का घेतला, पेनाचं टोपण काढलं. “या. ज्याला दाखला हवाय त्याने या. आत्ता लिहून देतो. माझ्या सहीने.”

लोक आत आले. आपापल्या जागा आठवून पुन्हा रांगेत उभे राहिले. टेबलाजवळ मात्र कोणी आलं नाही.

“या ना!”

“हो हो, येतो,” पुढचा माणूस आदबीने म्हणाला. “स्क्रीन कधी चालू होईल, साहेब?”

“स्क्रीन कशाला हवाय? मी तुमच्यासमोर बसलोय!”

“ते दिसतंय. पण नक्की कुठे यायचं ते एकदा वर आलं की बरं पडतं.”

शाखाप्रमुखांनी त्याचा नाद सोडला. मान खाली घालून त्यांनी झरझर नातवाचा दाखला लिहिला, सही केली, शिक्का उमटवला आणि मुलीसमोर धरला. “घे. पळ. शाळा अजून उघडी असेल.”

मुलीने कागद हातात घेतला. उलटसुलट करून बघितला.

“बाबा, शाळेतही स्क्रीनच बसवलाय. हाताने लिहिलेलं तिथे कोण बघणार?”

“अगं, तुझा दाखला मी हाताने लिहिला होता! याच पेनाने!”

“तेव्हा चालायचं हो.” तिने कागद हळूच टेबलावर ठेवला. आवाजात लाड होता, थोडी कीवही होती. “चालू होईल इतक्यात. तुम्ही नका त्रास करून घेऊ. आणि मला आता बोलण्यात गुंतवू नका बाबा, माझा नंबर जाईल.”

आणि ती रांगेत आपल्या जागी परत जाऊन उभी राहिली. मागच्या बाईंनी तिला जागा करून दिली.

तुम्ही आता मनात म्हणत असाल, काय ही माणसं! मी असतो तर सरळ टेबलापाशी गेलो असतो, दाखला घेतला असता आणि चालू लागलो असतो. म्हणा की. त्या रांगेतला प्रत्येक जण हेच म्हणत होता, अगदी शेजाऱ्याला ऐकू जाईल असं. शाळा बंद व्हायला अजून वेळ होता. टेबल रिकामं होतं. शाखाप्रमुख पेन उघडं धरून बसले होते. आणि सगळे समोरच्या काळ्या फलकाकडे टक लावून बघत होते. त्या काळ्या काचेत रांगेतल्या एकेकाचा चेहरा स्पष्ट दिसत होता, तुमचाही होता. पण त्या चेहऱ्यांखाली मुख्यालयाची मंजुरी नव्हती, म्हणून कोणी ओळख दाखवली नाही.