तीन पिसांचं जंगल

एका जंगलात वडीलधारे फार होते. बाकीचे प्राणी त्यांच्या सोयीसाठी होते. बाळांनो, मांडी घालून नीट ऐका. पुढे तुमचाच नंबर आहे.

उन्हाळ्यात या जंगलातले कंद संपत. मग सगळे नदीपलीकडच्या अस्वलशेठकडून उसने आणत. एका टोपलीला पावसाळ्यात सव्वा टोपली परत. शेठ कुणाचं तोंड बघत नसे, तो कड्याकडे बघे. कड्यावर गिधाड बसे आणि प्रत्येक जंगलाच्या नावाने पिसं खोचे. जास्त पिसं, जास्त पत. आपल्या जंगलाची तीन होती.

यंदा सिंहमहाराजांची आयाळ पिकली. त्या आनंदात त्यांनी उसन्या कंदांचीच जेवणावळ घातली. गिधाडाने वरून उष्ट्या पत्रावळींचा ढीग पाहिला आणि दोन पिसं उपटली.

दुसऱ्या दिवशी भुरी सायाळ टोपली घेऊन नदीपार गेली. बिळात दोन पिलं उपाशी होती.

"आता एकाला तीन," शेठ म्हणाला.

"शेठ, मी कधी बुडवलंय का तुमचं?"

"तू नाही गं बाई. पण तुझ्या जंगलाचं एकच पीस उरलंय. तुला वेगळा भाव कुठून देऊ?"

तीन टोपल्या फेडायच्या तर पिलांना पावसाळाही उपाशीच काढावा लागणार. भुरी तडक दरबारात गेली. खजिना हत्तीआजोबांकडे होता.

"आजोबा, पिसं परत मिळवा. पिलं तडफडतायत."

"गिधाड जळतं आपल्यावर," आजोबा डोळे मिटून म्हणाले. "आमच्या काळात..."

"तुमच्या काळातच तर सगळं खाल्लंत!"

"मोठ्यांशी असं बोलतात का, भुरे?"

मग मोठ्यांनी डोकं लढवलं. एक घरचाच कावळा वडावर बसवला. त्याने जंगलाला दहा पिसं दिली. महाराजांनी कावळ्याचा सत्कार केला, कावळ्याने महाराजांचा, आजोबांनी दोघांचा.

"जा, सांग त्या शेठला," आजोबा म्हणाले.

भुरीने सांगितलं. शेठ पोट धरून हसला. "आता एकाला चार. एक थापेबद्दल."

ती परतली तर दवंडी पिटली जात होती. पत सावरायला काटकसर! तळ्याकाठचे उरलेसुरले कंद आता शेठची जुनी उधारी फेडायला राखीव. सायाळींनी तिथे खोदायचं नाही.

"त्याग करा," आजोबा ऊस चघळत म्हणाले. "तरण्याताठ्यांनी नाही करायचा तर कुणी?"

भुरीच्या पाठीवरचे काटे रागाने फुलले. तिने पिलांना पुढे घातलं, नदी ओलांडली आणि शेठच्या रानात मजुरीने खोदायला लागली. तिच्यामागून ससे गेले, घुशी गेल्या, माकडंही गेली.

गिधाडाने खाली पाहिलं. खाणारी तोंडं कमी. उसनवारी कमी. वा! त्याने एक पीस परत खोचलं.

महाराजांनी विजयसभा भरवली. टाळ्या वाजवायला कुणी उरलंच नव्हतं. मग हत्तीआजोबांनी बराच वेळ कान फडफडवले.

तात्पर्य: वडीलधारे खोटं बोलत नाहीत. तरुणांच्या त्यागाशिवाय देशाची पत वाढत नाही. म्हणून बाळांनो, निघताना त्यांच्या पाया पडा. आणि चुकूनही परत येऊ नका, पत पुन्हा घसरेल.