दोन ताई आणि ढेकूण

तीस वर्षं कचेरीची पत्रं बिनचूक पत्त्यावर धाडणाऱ्या हेडक्लार्कनं निवृत्त झाल्यावर असा घोळ घालावा, याला काय म्हणावं!

झालं काय, त्यांच्या बायकोच्या लाडक्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडले. फांद्यांना चिकटलेले कापसासारखे पांढरे पुंजके. बायको चष्मा न लावता कौतुकानं म्हणायची, "बघा, कळ्या धरल्यात!" सहा वर्षांत पहिल्यांदाच तिची ताई राहायला येणार होती, म्हणून दारातल्या झाडाचेही लाड चालले होते. हेडक्लार्कांनी मग गुपचूप रोपवाटिकेतल्या ताईंना फोनवर निरोप बोलून पाठवला.

"ताई, ढेकूण फार झालेत हो! साबणाच्या पाण्यानं धुतलं, ब्रशनं घासलं, तरी हटत नाहीत मेले. हिला अजून सांगितलं नाही, घर डोक्यावर घेईल. काहीतरी उपाय सांगा."

पाच मिनिटांनी फोन पाहिला आणि घोळ लक्षात आला. फोनमध्ये ताई दोन होत्या. निरोप गेला होता थोरल्या मेहुणीला. पाहुण्यांच्या चपलासुद्धा पुसून ठेवणारी बाई ती! निरोप पुसायला जावं तर तिनं तो ऐकलाही होता. शेवटी बायकोला सांगावंच लागलं.

"अहो, काय केलंत हे! सहा वर्षं काही ना काही कारण काढून टाळत होती. आत्ता कुठे हो म्हणाली, तर तुम्ही तिला ढेकूण ऐकवलेत?"

"अगं, झाडावरचे आहेत म्हणून सांगतो ना फोन करून."

बायकोनं लगेच फोन लावून पाहिला. "उचलत नाहीये ती! आता कसली येतेय!" तिचे डोळे खरंच भरून आले. हेडक्लार्कांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बेल वाजली. दारात ताई, दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन.

"अगं, तू रविवारी येणार होतीस ना?"

"कशाला थांबू आता?" ताईनं बहिणीला मिठीच मारली. "सहा वर्षं झाली गं, आमच्याकडचे जात नाहीत. गाद्या बदलल्या, औषधं मारली. बॅगेतून तुझ्या घरी येतील या धास्तीनं मी यायचीच नाही, आणि लाजेनं सांगवेना. काल भावोजींचा निरोप ऐकला आणि जीव भांड्यात पडला बघ! आता चांगली महिनाभर राहते."

हेडक्लार्क घाईघाईनं पुढे झाले. "ताई, त्याचं काय आहे, ते ढेकूण..."

बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. एकदा बॅगांकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे.

"खूप आहेत गं ताई," ती म्हणाली. "गादीगादीत आहेत. ये, आत ये."