बत्तीस माशांची चरित्रं

नदीकाठच्या त्या हॉटेलात एका रविवारी सकाळी बत्तीस मासे, पैकी एकोणतीस व्यवस्थित भाजलेले, लिंबाच्या फोडींसकट नदीत परत सोडण्यात आले.

असं काहीही घडलेलं नाही! मालकीणबाईंनी तसं दारावर सही-शिक्क्यानिशी लिहूनच लावलंय. तेव्हा जे घडलंच नाही ते नेमकं कसं घडलं, एवढंच इथे सांगायचं आहे.

सुरुवात कॅप्टनपासून करावी लागेल. कॅप्टन म्हणजे जहाजाचा नव्हे. वेटर लोकांचा प्रमुख. होडीत पाय ठेवला की याला मळमळतं. वय अठ्ठावीस, शर्ट कडक इस्त्रीचा, आणि चेहरा असा की आत काय चाललंय याचा बाहेर पत्ता लागू नये. बंद दुकानाचं शटर परवडलं, त्याला निदान फट तरी असते!

हॉटेल होतं माशांचं आणि ब्रंचचं. ब्रंच म्हणजे उशिरा उठलेल्या लोकांनी न्याहारी आणि जेवण यांच्या मधल्या वेळात येऊन दोन्हींच्या बेरजेइतकं खायचं. मालकीणबाईंना एकच व्यसन. हल्ली लोक काय खातात, कसं खातात, कशात खातात, याच्या बातम्या! सोमवारी त्या बातम्या वाचायच्या आणि मंगळवारी हॉटेल बदलायचं. एकदा प्लेटा गेल्या, लाकडी फळ्या आल्या. फळीवर सूप कसं वाढायचं, ते बातमीत नव्हतं. मग खुर्च्या गेल्या आणि झोपाळे आले. झोके घेत माशाचे काटे काढायला गेलेल्या दोन गिऱ्हाइकांना टाके घालावे लागले, तेव्हा कुठे प्लेटा आणि खुर्च्या परत आल्या.

हे सगळं कॅप्टनने मुकाट्याने सोसलं. पण एका मंगळवारी पाव गेला.

"लोकांनी पाव सोडलाय," मालकीणबाई म्हणाल्या. "बातमी आहे!"

भट्टी विझली. आणि पावाबरोबर, पाव भाजणारीही गेली.

तिला सगळं स्वयंपाकघर 'ब्रेडताई' म्हणायचं. कॅप्टनची अडचण तिथूनच सुरू झाली होती. ताई म्हणणं म्हणजे आपल्या हाताने आपल्या पायावर भट्टी पाडून घेणं. नुसतं नाव घेणं म्हणजे आगाऊपणा. आणि 'अहो' म्हणायचा हक्क अजून मिळालेला नव्हता. म्हणून दोन वर्षं तो तिला "ते... जरा..." अशी हाक मारत आला. ती मान वर करून "बोला ना" म्हणायची. मग हा "आठ नंबरला टोस्ट" म्हणायचा. दोन वर्षांत आठ नंबरला इतके टोस्ट गेले की ते टेबल गिऱ्हाइकं टाळायला लागली.

ती कुठे लांब गेली नव्हती. नदीपलीकडे, बरोब्बर समोर, एक साधं हॉटेल होतं. तिथे बातम्या कुणी वाचत नव्हतं. रोज सकाळी साडेदहाला ती मागच्या पायरीवर यायची आणि एप्रन झटकायची. पिठाचा एक छोटासा पांढरा ढग उठायचा. तेवढ्या वेळात कॅप्टन इकडची काच पुसत असायचा. तो ढग विरेपर्यंत एकाही टेबलाला पाणी मिळायचं नाही. सात महिन्यांत ती काच इतकी लख्ख झाली की तिच्यावर दोन पाखरं आणि एक विमा एजंट येऊन आपटले.

तुम्ही म्हणाल, पूल नव्हता का? होता की! फोन नव्हता का? तोही होता. पण पूल ओलांडून गेलेल्या माणसाला समोरचा विचारतो, "काय काम काढलंत?" आणि या प्रश्नाचं उत्तर कॅप्टनकडे अजून तयार नव्हतं.

अशात मालकीणबाईंनी नवी बातमी वाचली.

"कॅप्टन! हल्ली लोकांना नुसता मासा नकोय. तो कोण होता, कुठला होता, सगळं कळायला हवंय! प्रत्येक माशाबरोबर एक कार्ड द्यायचं. त्याचं चरित्र!"

"माशाचं, बाई?"

"मग काय माझं? आणि ऐका. पाव परत येतोय, अशी पण कुणकुण आहे. या रविवारी बत्तीस मासे मागवलेत. एकही उरला नाही, तर आपण भट्टी पेटवू. बोलावून घेऊ तिला."

कॅप्टनचं शटर पहिल्यांदा बोटभर वर गेलं.

"बाई," तो म्हणाला, "कार्डं माझ्यावर सोडा. एक मासा उरला तर मला विचारा!"

माहिती गोळा करायला तो आधी आचाऱ्याकडे गेला. आचाऱ्याला सगळे मामा म्हणायचे. मामा कांदा चिरत होते.

"मामा, हा मासा कुठला?"

"खोक्यातला."

"त्याच्या आधी?"

"बर्फातला."

"त्याच्याही आधी?"

"अरे, मी काय त्याच्या लग्नाला गेलो होतो?" मामांनी सुरी खाली ठेवली. "समुद्रातला आहे, एवढं लिही आणि सूट!"

एवढ्यावर बत्तीस कार्डं भरेनात. शनिवारी दुपारी हॉटेल रिकामं असताना कॅप्टन खिडकीजवळ बसला. पलीकडची पायरी मोकळी होती. पेन हातात घेतलं आणि काय झालं कोण जाणे, दोन वर्षं सात महिने कोंडलेलं सगळं माशाच्या तोंडून बाहेर पडायला लागलं.

"मी नदीच्या वळणावर वाढलो. तिथेच ती राहायची. रोज सकाळी वर येऊन एक पांढरा बुडबुडा सोडायची. मी तिच्याशी कामापुरतंच बोललो. वाटलं, घाई काय आहे, नदी उद्याही वाहणारच. मग एका मंगळवारी ती पलीकडे गेली. सात महिने झाले, मी अजून इकडेच आहे. सोबत लोणी-लसूण."

मामांनी वाचलं. "अरे, समुद्रातला मासा नदीच्या वळणावर कसा वाढेल?"

"समुद्राला वळण असतं?"

"नसतं."

"मग नदीच राहू द्या."

सोळा कार्डांनंतर माशाचं म्हणणं संपलं. उरलेली सोळा कॅप्टनने तिच्या बाजूने लिहिली. "रोज सकाळी मी पांढरा बुडबुडा सोडायचे. मग एका मंगळवारी पलीकडे गेले, कारण थांब म्हणणारं कुणी नव्हतं. तो रोज काहीतरी सांगायला यायचा आणि दुसरंच काहीतरी सांगून जायचा. मी वाट पाहिली. पाणी थोडंच वाट बघतं! सोबत उकडलेले बटाटे."

रविवारी हॉटेल खच्चून भरलं. तीन नंबरवर एक मावशी आपल्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या होत्या. लोणी-लसूणवाला मासा आला. मावशींनी चष्मा लावला, कार्ड वाचलं आणि चष्मा काढला.

"काय झालं गं?" मैत्रिणीने विचारलं.

"मला नाही जाणार हा."

"तिखट आहे?"

"अगं, तो इकडेच आहे अजून!" आणि मावशींनी रडायला सुरुवात केली.

कॅप्टन धावला. "मावशी, दुसरा देऊ?"

"दुसऱ्याचं काय झालं होतं?"

दुसऱ्याचंही तेच झालं होतं. सोळाच्या सोळांचं तेच झालं होतं!

तेवढ्यात नऊ नंबरवरून खणखणीत आवाज आला. तिथे एक निवृत्त न्यायाधीश एकटेच बसले होते. "वेटर! ही मासोळी म्हणते, तिला थांब म्हणणारं कुणी नव्हतं. हा कोण इसम?"

"तो इकडे आहे!" मावशी तीन नंबरवरून ओरडल्या. "आमच्या प्लेटमध्ये!"

न्यायाधीश उठले, दोन्ही हातांनी प्लेट धरून चालत तीन नंबरपाशी आले. त्यांनी दोन्ही कार्डं शेजारी-शेजारी ठेवून वाचली. मंगळवार जुळला. बुडबुडा जुळला.

"संशयाला जागा नाही," ते म्हणाले. "टेबलं जोडा!"

टेबलं जोडली. मग पाच आणि अकरा जोडायची टूम निघाली, कारण त्यांच्याही माशांचा मंगळवार जुळत होता. मग चार आणि चौदा! अर्ध्या तासात हॉटेलात एकच लांबलचक टेबल उरलं, त्यावर जोडीजोडीने मासे निजलेले, आणि भोवती साठ माणसं डोळे पुसत उभी. खाणारा एकही नाही. एका गृहस्थाने काटा उचलला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो काटा खिशात घातला.

"अहो, मासे आहेत ते!" मालकीणबाई कळवळून म्हणाल्या. "खायचे असतात!"

"बाई, सात महिन्यांनी भेटलेत ते," मावशी म्हणाल्या. "आणि तुम्हाला खाण्याचं सुचतंय?"

आता यांचं करायचं काय? न्यायाधीशांनी निकाल दिला: जिथून आले, तिथे एकत्र जाऊ द्या. मामा मध्ये पडले, "अहो, हे समुद्रातले आहेत!" न्यायाधीश म्हणाले, "नदी शेवटी कुठे जाते?" मामा बाजूला झाले. मावशी स्वतः स्वयंपाकघरात शिरल्या आणि तव्याची वाट पाहत बसलेले तीन कच्चे मासेही घेऊन आल्या.

काठावर रांग लागली. जोड्या पाण्यात सोडल्या गेल्या. लिंबाच्या फोडी थोडा वेळ तरंगल्या.

कॅप्टनने मालकीणबाईंकडे पाहिलं. "बाई, एकही उरला नाही," तो म्हणाला. नियमाला धरूनच म्हणाला! पण बाईंची नजर पाहून पुढचं वाक्य त्याने गिळलं.

प्रश्न आता निराळाच होता. रडल्यावर माणसाला भूक लागते. आणि साठ माणसं रडली होती! अंडी दहा मिनिटांत संपली. फळं संपली. शोभेला ठेवलेल्या कोथिंबिरीच्या जुड्यासुद्धा गेल्या. शेवटी मालकीणबाईंनी दात-ओठ खाऊन नदीपलीकडे फोन लावला. "पाव आहे? असेल तेवढा पाठवा. होडीने पाठवा, पुलाने तास जाईल!"

होडी आली. पुढे होडीवाला, मागे पावाच्या चार टोपल्या, आणि टोपल्यांच्या मध्ये ती.

कॅप्टनने दोन वर्षं सात महिने या क्षणाची तयारी केली होती. त्याने टोपली हातात घेतली आणि म्हणाला, "ते... जरा..."

"बोला ना," ती म्हणाली.

"सावकाश. उतरायची फळी ओली आहे."

पाव अजून गरम होता. लोक तुटून पडले. ती मात्र त्या लांबलचक टेबलापाशी थांबली. एक कार्ड तिथे तसंच पडलं होतं, उकडलेल्या बटाट्यांचं. तिने ते उचललं, वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे कुणी लिहिलंय?"

कॅप्टनच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "माशाने," तो म्हणाला.

"मासोळीने," तिने दुरुस्त केलं. "बरोबर लिहिलंय तिने. शब्दन् शब्द." कार्डाची घडी घालून तिने एप्रनच्या खिशात ठेवली. "आणि त्याला? माशाला? त्याला पुढे काही म्हणायचंय का?"

दोघांच्या मध्ये फक्त एक टेबल होतं. पाव खाणारी साठ माणसं चावायची थांबली. मावशींनी न्यायाधीशांचा हात घट्ट धरला. कॅप्टनने श्वास घेतला, पाठ ताठ केली, तोंड उघडलं, आणि दहा वर्षांची नोकरी त्याच्या तोंडून बोलली:

"आपल्याला अजून काही हवंय का?"

तिने रिकामी टोपली उचलली.

"नको," ती म्हणाली. "होडी खोळंबलीये."

टोपल्या रिकाम्या झाल्या होत्या, त्यामुळे होडी जाताना हलकी होती. कॅप्टन काठावर उभा होता. मामा टॉवेलला हात पुसत शेजारी येऊन उभे राहिले.

"अरे, होडीत उडी मारायचीस!"

"मळमळतं, मामा."

"आत्ता काय होतंय मग?"

"तसंच काहीतरी."

तेवढ्यात मालकीणबाई आनंदाने नाचत आल्या. "कॅप्टन! पाहिलंत? पाव परत आला!"

"मग भट्टी पेटवायची, बाई?"

"भट्टी कशाला? होडीने आलेला पाव, हीच तर गंमत! आता दर रविवारी होडीवाला टोपल्या आणून देईल, तिने यायची गरज नाही. लांबून येतो म्हणून तर लोक खातात हो! हाताशी असला की कोण विचारतंय?"

कॅप्टनने एक कोरं कार्ड घेतलं आणि नदीचा कारभार बघणाऱ्या खात्याला अर्ज लिहिला. त्याची नक्कल खाली देत आहोत. मूळ अर्ज पोचल्याची पावती अद्याप आलेली नाही.

विषय : नदीची रुंदी कमी करून मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती अर्ज करतो की, सदर नदी ही दोन काठांच्या मध्ये येत असून तिच्यामुळे अर्जदारास बोलण्यास अडचण होते. पूल उपलब्ध आहे. परंतु पुलावरून जाण्यास कारण लागते व ते अर्जदाराकडे केवळ लेखी स्वरूपात आहे. तरी सदर नदी एका टेबलाइतकी अरुंद करण्यात यावी. टेबलाच्या अंतरावर अर्जदार यापूर्वी एकदा कमी पडलेला असल्याने, शक्य झाल्यास त्याहूनही वीतभर कमी करावी. संपूर्ण नदीबाबत तांत्रिक अडचण असल्यास, निदान सकाळी साडेदहा वाजता पाच मिनिटांपुरती तरी ही सवलत मिळावी, ही नम्र विनंती.