बुवा स्पष्ट, देव धूसर

रामनवमीच्या उत्सवातलं कीर्तन यंदा व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्याने चित्रित करावं, असं प्रताप नगरातल्या आमच्या मंदिराच्या कीर्तन मंडळाने एकमताने ठरवलं. हेतू उदात्त होता: पुढच्या पिढीला कीर्तन ऐकता यावं. सध्याची पिढी का ऐकत नाही, हा विषय पत्रिकेवर नव्हता.

कॅमेरा आला. अध्यक्ष पांढरीपांडे साहेब लेखापरीक्षणातून निवृत्त झालेले. गुणदोष नोंदवल्याशिवाय ते प्रसादाचा पेढाही उचलत नाहीत. सचिव उन्मेषने लेन्सवर फुंकर मारली आणि निरूपण सुरू केलं.

"साहेब, याचा मेन गुण म्हणजे ब्लर. समोरचा माणूस एकदम चकाचक, मागचं सारं धूसर."

"बुवांच्या मागे काय असतं?"

उन्मेषने गाभाऱ्याकडे पाहिलं. "मागे... रामराया असतात."

हा दोषच, असं काहींचं मत पडलं. पण उन्मेष म्हणाला, "याच ब्लरसाठी तर लोक एवढा भारी कॅमेरा घेतात!" तेव्हा 'देव धूसर दिसणे' ही बाब गुणांच्या रकान्यात गेली.

दोष कॅमेऱ्यात नव्हतेच. तालमीत ते कीर्तनात निघाले. वसंतबुवा नारदीय पद्धतीचे. आख्यान रंगलं की झांज वाजवत दोन पावलं पुढे, दोन मागे. पाऊल हललं की फोकस सुटे, म्हणून बुवांसाठी खडूचा चौकोन आखला गेला. झांजेने माइकमध्ये आवाज फाटे, म्हणून झांजेला रुमाल बांधला. समईची ज्योत लेन्समध्ये चमके, म्हणून ती शांत करून विजेची समई लावली. श्रोत्यांचा नामघोष बुवांच्या आवाजावर चढे, म्हणून तो मनातल्या मनात करावा, असं ठरलं.

"श्वास घेतला तर चालते का गा, उन्मेष?" बुवांनी चौकोनातून विचारलं.

"चालते बुवा. फक्त हळू घ्या."

राहता राहिली कॅमेऱ्याच्या तिपाईची जागा. ती नेमकी यमुताईंची निघाली. यमुताईंना ऐकू फार कमी येतं. वर्षानुवर्षं त्या गादीसमोर बसून बुवांच्या ओठांवरून कीर्तन ऐकतात, आणि रडायच्या जागी सगळ्यांच्या आधी रडतात.

"यमुताई, मागे व्हा ना जरा. शॉटमध्ये येऊन राहिल्या तुम्ही."

"काहून गा? मागून मले बुवांचे ओठ दिसत नाही."

"मग घरी टीव्हीवर मोठे करून पाहा ना!"

"अन् बुक्का? तो टीव्ही लावून देते का मले?"

मुद्दा बिनतोड होता, म्हणून साहेबांनी तो विषयाबाहेर ठरवला. कानाचा दोष कॅमेऱ्याच्या खात्यात टाकता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. यमुताईंची सोय बाहेर, चपलांपाशी, खुर्चीवर करण्यात आली. ठरावात 'सन्मानपूर्वक' असा शब्द आहे.

कीर्तनाच्या दिवशी श्रोते मुकाट बसले होते. बुवांनी चौकोनातल्या चौकोनात पूर्वरंग उरकला. उत्तररंगाला शबरीचं आख्यान लावलं. राम वनातून तिच्या झोपडीकडे निघाला, आणि सवयीने बुवांची नजर यमुताईंच्या जागेवर गेली. तिथे तीन पायांवर कॅमेरा उभा होता. त्याला रडू येत नव्हतं.

"यमुताई कुठं आहेत गा?"

"बाहेर आहेत बुवा, व्यवस्थित आहेत. चौकोन सोडू नका!"

"अरे, राम पायी चालत गेला शबरीकडे. फ्रेममध्ये ये, असं नाही म्हटलं त्याने तिले."

बुवांनी झांजेचा रुमाल सोडला, खडूची रेघ ओलांडली आणि थेट चपलांपाशी जाऊन यमुताईंसमोर उभे राहिले. श्रोते उठून मागोमाग गेले. बाहेर नामघोष असा उसळला की रस्त्यावरचे ऑटो थांबले. उन्मेषही तिपाई उचलायला धावला.

"थांबा," साहेब म्हणाले. "तिपाईची जागा ठरावाने निश्चित झाली आहे."

कॅमेरा जागेवर राहिला. समोर माणूस उरला नाही, तेव्हा त्याने आपल्या बुद्धीने मागचा चेहरा धरला. रामराया प्रथमच स्पष्ट दिसले. पुढे रिकामा चौकोन, धूसर. आवाज जवळजवळ नाहीच. 'अध्यक्षांच्या सूचनेशिवाय देव स्पष्ट होणे' हा कॅमेऱ्याचा एकमेव दोष म्हणून अहवालात नोंदला गेला.

तरीही प्रसारणाचा ठराव होताच. म्हणून बाहेर बुवा यमुताईंसमोर रंगले, त्यांच्या कपाळी बुक्का लावला, त्या सबंध उत्तररंगाचं हे रिकाम्या चौकोनाचं चित्रीकरण मंडळाच्या ग्रुपवर टाकण्यात आलं. लगेच उत्तरं आली. 'काय रसाळ वाणी!' 'बुवा आज फारच रंगले!' 'शेवटपर्यंत जागचे हललो नाही.' आणि जोडलेले हात, ओळीने.

मी एकेक नाव वाचलं. यमुताईंचं नव्हतं. वाचकहो, तुमचं होतं.