ढालकऱ्यासंबंधी किरकोळ सुधारणा

कोणत्याही सुधारलेल्या समाजात माणसाकडचं काही काढून घ्यायचं झालं तर त्याला लेखी कळवायची पद्धत असते, आणि ते त्याला कळू नये अशा भाषेत लिहायला एक पगारी माणूस असतो. आमच्या व्हिडिओ गेमच्या कंपनीत तो माणूस मी.

आमच्या गेममध्ये एकतीस योद्धे एकमेकांशी लढतात. एखादा फारच जिंकायला लागला की समतोल समिती त्याची ताकद कमी करते. हे काम दहा मिनिटांचं. ते खेळाडूंना सांगायचं कसं, यावर मात्र नऊ दिवस जातात (पैकी दोन शीर्षकावर). 'कमी केली' हे शब्द आमच्याकडे वर्ज्य आहेत. ताकद कमी केली तर 'सुसंगत केली' म्हणायचं. अस्त्रच काढून घेतलं तर 'नव्या डावपेचांना वाव दिला'. आणि आपलीच घोडचूक निस्तरली असेल तर 'खेळाडूंच्या प्रेमळ आग्रहाखातर'. ताकद वाढवली तर सरळ 'वाढवली' लिहायला परवानगी आहे, पण तसा प्रसंग अजून आलेला नाही.

आमच्या पाहणीनुसार शंभरातले एक्क्याण्णव खेळाडू सूचना वाचतच नाहीत. सात जण शिव्या घालण्यापुरतं वाचतात. एक निवृत्त मुद्रितशोधक आहेत, ते स्वल्पविरामांबद्दल पत्र पाठवतात. आणि एक माझा थोरला भाऊ. तो शब्द न् शब्द वाचतो, कारण ते मी लिहिलेलं असतं.

दादा लेथवर काम करायचा. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्याला पोरखेळ वाटला. मग मी त्याला आमचा गेम लावून दिला (तो पोरखेळ वाटला नाही). त्यानं ढालकरी निवडला. समोरून वार आला की अर्ध्या सेकंदाच्या आत बटण दाबून ढाल उचलायची, बस्स. वहिनी शेजारी बसून रोज शंभर वार मोजायच्या आणि किती अडवले ते फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहायच्या. पहिल्या महिन्यात बारा. दीड वर्षानं एकाहत्तर! बाई म्हणाल्या, आता मशीनवर उभं राहून बघायला हरकत नाही. कारखान्यानं चाचणीची तारीखही दिली. पास झाला की त्याचं मशीन त्याला परत.

चाचणीला महिना असताना समितीला ढालकरी डोईजड वाटला. ढाल उचलायचा वेळ अर्ध्या सेकंदावरून पाव सेकंदावर आणला. ज्या प्रोग्रामरनं हे केलं तो मला म्हणाला, "लिहा की सरळ, वेळ निम्मा केला म्हणून." (प्रोग्रामर सरळमार्गी असतात. म्हणूनच त्यांना लिहायला देत नाहीत.) मी लिहिलं, 'ढालकऱ्याचा प्रतिसाद अधिक जिवंत केला आहे.' आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी हे वाक्य छापून भिंतीवर लावलं. दादा मनात आला नाही असं नाही. पण कमी केल्याचं घरच्यांनाही सांगायचं नाही असा नियम आहे, आणि नियमाच्या बाबतीत मी पक्का.

सूचना निघाल्यावर पाच दिवसांनी वहिनींचा फोन आला. "भावजी, काल चौतीस झाले, आज एकतीस. हे म्हणतात हात परत गेला. चाचणीला जाणार नाही म्हणतात. तुम्ही या हो जरा."

गेलो. दादा खिडकीशी बसला होता, उजवा हात मांडीवर ठेवून, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"दादा, अरे, गेममध्ये थोडी सुधारणा झालीय," मी म्हणालो.

"वाचलं ना मी. प्रतिसाद जिवंत केलाय. म्हणजे गेम सुधारला, आणि मी अडवतोय निम्मेच. मग बिघडलं कोण?"

मग मात्र मी नियम सोडला. "वेळच निम्मा केलाय रे आम्ही! तुझा हात ठणठणीत आहे. आईशप्पथ."

त्यानं डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. "तुला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. माझ्या समाधानासाठी स्वतःच्या कंपनीला कशाला नावं ठेवतोस?"

मला भडभडून आलं (अशा गोष्टींसाठी आमच्याकडे रकाना नाही).

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख बाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. म्हटलं, एक ओळ छापा, वेळ कमी केला म्हणून. सख्ख्या भावाचा प्रश्न आहे. बाई मायाळू आहेत. त्यांनी पाणी दिलं आणि रीतसर खुलासा काढायला मंजुरी दिली. मसुदा अर्थात मीच करायचा होता. माझी एक ओळ तीन टेबलांवरून फिरून आली तेव्हा अशी झाली होती: 'ढालकऱ्याबाबत काही खेळाडूंचा गैरसमज झाला आहे. येणारा अनुभव व्यक्तिपरत्वे वेगळा असू शकतो.'

दादानं तो खुलासा दोनदा वाचला आणि कारखान्याला फोन करून सांगितलं, माझं मशीन दुसऱ्याला द्या. त्या महिन्यात ढालकऱ्याविषयीच्या तक्रारी एकोणीस टक्क्यांनी घटल्या. वहिनींनी कॅलेंडर काढून ठेवलं.

तुम्ही म्हणाल, काय माणूस आहे हा, सख्ख्या भावाला बुडवलं! म्हणा. पण मला एक सांगा. पूर्वी कचेरीच्या एका चकरेत होणारं काम हल्ली तुमचं चार चकरांत होत नाही. खिडकी तुमचा नंबर यायच्या आत बंद होते, फॉर्म अर्धा भरून होईतो मशीन तुम्हाला बाहेर काढतं, आणि घरी येऊन तुम्ही बायकोला सांगता, 'वय झालं गं आता.' त्या सगळ्याची एक सूचना आली होती. तुम्ही ती वाचलीत, आणि खाली 'धन्यवाद' असंही लिहिलंत.