लसादच्या सात फेऱ्या

"या खेपेला फोटोत नवरी दिसली पाहिजे," रफीका म्हणाली. "बाकी माझं काही म्हणणं नाही."

छायाचित्रकाराच्या बायकोने नवऱ्याकडून ठेवावी अशी ही काही अवाजवी अपेक्षा नव्हती. पण लसाद कॅमेरा आणखी जोरात पुसू लागला, कारण मागच्या उन्हाळ्यात नवरी दिसली नव्हती.

महदिया या समुद्रकाठच्या गावात लग्नाचा खरा सोहळा म्हणजे जल्वा. नवरीला अंगभर सोन्याच्या जरीचा पोशाख चढवतात. तो इतका जड असतो की नवरी त्याच्या आत उभी आहे की त्याच्या आधाराने, हे सांगणे कठीण. मग ती एका चौरंगावर डोळे मिटून, मेंदीचे तळवे वर करून, हळूहळू सात वेळा स्वतःभोवती फिरते. जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या बायका तिला पुढून, मागून आणि बाजूने तपासून घेतात. त्या घटकेचा फोटो सासूच्या बैठकीत जन्मभर लटकतो. मागच्या उन्हाळ्यात लसादने अशाच एका नवरीवर समोरून फ्लॅश मारला होता. जरीने तो सगळा उजेड जसाच्या तसा परत केला. फोटोत एक पेटलेली शेगडी आली आणि तिच्या दोन्ही बाजूंनी मेंदीचे हात बाहेर आलेले. सासूने फोटो लावला, पण दाराच्या मागे.

तेव्हापासून गावातल्या लग्नांना सूस शहरातून छायाचित्रकार येऊ लागला. त्याच्याकडे इतक्या पिशव्या असत की लोकांना वाटे हा राहायलाच आलाय. लसादच्या दुकानात फक्त पासपोर्टचे फोटो उरले. त्यात गिऱ्हाईक फिरत नाही, हीच काय ती सोय.

आता रफीकाच्या थोरल्या बहिणीच्या मुलीचे, अरवाचे लग्न होते. बहिणीच्या घरी, भरल्या बैठकीत, रफीका बोलून गेली होती, "घरचा माणूस असताना सूसचा कशाला?" थोरली बहीण, जिला सगळे मानाने लल्ला दोजा म्हणत, हसली होती. तिच्या नवऱ्याचा मासळी बंदरावर बर्फाचा कारखाना होता. "असू दे घरचाच," ती म्हणाली होती. "नाही जमलं तर आमच्याकडे लादी फोडायला एक माणूस हवाच आहे. जागा धरून ठेवलीय." तेव्हापासून लसादला झोपेतही पायाला गार लागायचे.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा लल्ला दोजा स्वतः दुकानात आली.

"सी लसाद," ती मानाने म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. जल्व्याला बल्ब नाही आणि तुमचा तो फ्लॅशही नाही. फक्त मेणबत्त्या."

"लल्ला, मेणबत्तीच्या उजेडात फोटो?"

"आमच्या आयांचे जल्वे कशाच्या उजेडात झाले?"

"त्यांचे फोटो कुठे निघाले?"

"हे असं उलट बोलता ना, म्हणून दुकान चालत नाही तुमचं," असे म्हणून ती गेली.

खरे कारण रात्री जेवताना रफीकाने सांगितले. पोशाखाला पाठीमागे, डाव्या खांद्याखाली, उंदराने तळहाताएवढे भोक पाडले होते. दोजाने तिथे नवी जर लावून घेतली. ती मेणबत्तीत सोन्यासारखी दिसे आणि बल्बखाली तांब्याच्या पातेल्यासारखी. "अरवाची सासू लल्ला सुआद येणार. तिची नजर माहितीय ना? ती टोपलीवरचं फडकं न काढता मासा कालचा की आजचा ते सांगते. तिला ठिगळ दिसता कामा नये. फोटोत तर नाहीच नाही."

"म्हणजे फोटो लख्ख हवा, पण फार लख्ख नको."

"बरोबर. सोपं आहे की."

लसाद उठून दातांच्या डॉक्टरकडे गेला. हा हाफिज त्याचा शाळेपासूनचा मित्र. सुट्टीत घुबडांचे फोटो काढायचा, त्यामुळे अंधाराबद्दल त्याला बोलण्याचा अधिकार होता.

"आ कर," हाफिज सवयीने म्हणाला, आणि मग कपाटातून एक जाडजूड लेन्स काढली. "हिचं तोंड बघ. एक पॉइंट चार. विहिरीत धरलीस तरी बेडूक मोजता येतील."

"मग झालं तर."

"झालं कसलं? एवढं तोंड उघडलंस की नाक स्पष्ट येतं आणि कान धुक्यात जातात. तोंड मिटायचं तर आयएसओ वाढव, म्हणजे कॅमेरा थोड्या उजेडातही बघू लागतो. पण तो वाढवलास की फोटोवर रवा पडतो."

"रवा?"

"दाणे दाणे रे. तो टाळायचा तर शटर सावकाश चालव. सावकाश शटरला माणूस हलता कामा नये. माझी घुबडं हलत नाहीत. तुझी नवरी हलते का?"

"ती फिरते."

हाफिजने त्याच्याकडे अक्कलदाढ काढायची असलेल्या रोग्याकडे बघावे तसे बघितले. "तिपाईही घेऊन जा," तो दयेने म्हणाला.

लसादने घरी सराव सुरू केला. कोठीची खिडकी बंद केली, मेणबत्त्या लावल्या आणि रफीकाला स्वयंपाकघरातल्या चंदेरी कागदात खांद्यापासून घोट्यापर्यंत गुंडाळले. ती टोमॅटोच्या खोक्यावर उभी राहून, हात वर करून, डोळे मिटून फिरू लागली.

"हळू फीर."

"हळूच फिरतेय. याहून हळू फिरले तर कुसकुस करपेल."

"थांब जरा."

"जल्व्यात थांबत नसतात. माझी बहीण ओरडेल." रफीका फिरत राहिली. "कशी येतेय मी?"

पहिल्या फोटोत ती वितळलेल्या तुपासारखी आली. आयएसओ वाढवल्यावर रवा घातलेल्या तुपासारखी आली. लेन्सचे तोंड पूर्ण उघडल्यावर तिची उजवी करंगळी अप्रतिम आली. एवढ्यात शेजारीण वाटीभर जिरे मागायला आत शिरली, तिने चंदेरी रफीकाला खोक्यावर फिरताना पाहिले आणि जिरे न घेताच गेली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळले की धंदा बुडाल्यामुळे लसादच्या बायकोच्या डोक्यावर परिणाम झालाय.

जल्व्याच्या दिवशी दोजाच्या घरातली लांबट खोली बायकांनी शिगोशीग भरली होती. पडदे ओढलेले होते. चौरंगाभोवती मुली उंच मेणबत्त्या धरून गोल उभ्या होत्या. त्यांच्यात आणि चौरंगात एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच मोकळी वाट होती. नवरीच्या पोशाखाला आच लागू नये म्हणून ती सोडलेली होती. अगदी पुढे, खुर्चीवर, लल्ला सुआद बसली होती. तिने येताना चष्मा पुसून घेतला होता.

लसादने तिपाई उभी केली. दोन पाय जमिनीवर टेकले. तिसऱ्याला जागा मिळेना, तेव्हा तो मकरूद मिठाईच्या ताटात टेकला.

"अगं बाई, खजूर भरलेत त्यात!" कोणीतरी ओरडले.

"तो खाणार नाहीये, मावशी," लसाद म्हणाला.

अरवा चौरंगावर चढली. दोघी जणींनी पोशाख सावरला. ती डोळे मिटून फिरू लागली आणि लसाद शटर दाबू लागला. पहिली फेरी संपल्यावर त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिले. भिंत स्पष्ट होती. मेणबत्त्या स्पष्ट होत्या. लल्ला सुआदच्या हनुवटीवरचा मस तर त्यावरच्या केसासकट स्पष्ट होता. फक्त नवरीच्या जागी सोनेरी वाफ होती.

"कसं येतंय?" दोजा कानाशी येऊन कुजबुजली.

"भिंत छान आलीय."

"कारखाना पहाटे उघडतो," दोजा म्हणाली. "लोकरीचे मोजे आणा."

दुसरी फेरी सुरू झाली. अरवाची पाठ हळूहळू लल्ला सुआदकडे वळू लागली. सुआदने चष्मा नाकावर नीट बसवला आणि मान पुढे काढली. पहिल्या फेरीत तिला कसला तरी संशय आलेला दिसत होता.

लसादने पुढे जे केले त्यामागे काही विचार होता असे म्हणता येणार नाही. नवरीचा चेहरा पलीकडे चालला होता, तो हातचा जाऊ नये एवढेच त्याला कळत होते. त्याने तिपाईवरून कॅमेरा ओढून काढला, मुलींच्या मधून त्या अरुंद वाटेत घुसला आणि अरवाच्या चेहऱ्यासमोर आला. चेहरा पुढे सरकला. तोही सरकला. चेहरा आणखी वळला. तोही खेकड्यासारखा आडवा चालत वळला. आणि एकाएकी त्याच्या ध्यानात आले की कॅमेऱ्यातली नवरी जागच्या जागी उभी आहे. तिच्या मागे सगळी खोली फिरतेय. ती आणि तो एकाच वेगाने जात होते आणि एकमेकांपुरते दोघेही स्थिर होते.

तो शटर दाबत गेला.

आता लसाद म्हणजे काही नाजूक माणूस नव्हता. एवढा थोरला देह पोट आत ओढून, कॅमेरा डोळ्याला लावून, नवरीभोवती गोल गोल चालतोय, हे बघून खोलीतली कुजबुज थांबली.

"हा काय करतोय?" एकीने विचारले.

"चक्कर आली असेल."

"चक्कर आलेला माणूस पडतो. हा फिरतोय."

रफीकाने हे ऐकले. नवऱ्याची शोभा झाकायला बाईच्या हातात एकच गोष्ट असते. तिने जीभ हलवून असा काही आनंदाचा उलुकार केला की मेणबत्त्या थरथरल्या. तिच्या पाठोपाठ शेजारी बसलेल्या बाईने केला, मग सगळ्या खोलीने. लसादला जोर चढला. तिसऱ्या फेरीत त्याची बाही एका मेणबत्तीला लागून पेटली, चौथ्या फेरीत एका काकूंनी ती गुलाबपाण्याने विझवली. पाचवी फेरी होईपर्यंत बायका टाळ्यांवर ठेका धरू लागल्या होत्या. सातव्या फेरीअखेर अरवाने डोळे उघडले आणि समोर घामाने निथळलेला, एका बाहीचा मावसा पाहून ती जन्मात हसली नव्हती इतकी हसली. लसादने तेही टिपले.

लल्ला सुआद सगळा वेळ त्याच्याकडेच बघत होती. नवरीच्या पाठीकडे बघायचे तिच्या लक्षातही राहिले नाही.

फोटो आले तेव्हा दोजाच्या बैठकीत पुन्हा तेवढीच गर्दी झाली. अरवाच्या पोशाखातली जरीची एकेक तार मोजता येत होती. तिच्या मिटल्या पापण्यांवर मेणबत्तीचा उजेड सायीसारखा बसला होता, आणि मागे सगळी खोली सोन्याची कडी होऊन तिच्याभोवती फिरत होती. रवा नाही, धुके नाही. आणि लसाद सतत समोरच राहिल्यामुळे एकाही फोटोत पाठ नव्हती.

"यात मी कुठाय?" एका आत्याने विचारले.

"ही गुलाबी रेघ तुम्ही."

"किती बारीक दिसतेय मी!" आत्या म्हणाली आणि दोन प्रती मागितल्या.

लल्ला सुआदने भिंतभर मोठा फोटो सांगितला, दारासमोरच्या भिंतीवर लावायला. मग दोजाकडे वळून म्हणाली, "छायाचित्रकारानं नवरीबरोबर फिरायची ही पद्धत तुमच्या घराण्यातली का?"

"पूर्वापार," दोजा म्हणाली. तिने लसादकडे पाहिलेही नाही, पण त्याच्या ताटात मकरूदचा दुसरा थर चढवला.

पुढच्या लग्नात नवऱ्यामुलाच्या आईने सूसच्या छायाचित्रकाराला विचारले, "तुम्ही फिरणार कधी?" त्याला प्रश्न कळला नाही. कळल्यावर तो तिसऱ्या फेरीत भोवळ येऊन आपल्याच पिशव्यांवर पडला. त्यानंतर महदियातला प्रत्येक जल्वा लसादकडे आला. हाफिजची लेन्स परत गेली नाही, तेव्हा हाफिजने घुबडांचा नाद सोडला. रफीकाने सरावाचा एक फोटो दुकानाच्या काचेत लावला, उजव्या करंगळीचा, आणि शेजारीण तो दाखवून पाहुण्यांना सांगू लागली की सुरुवात माझ्यासमोर झाली.

उन्हाळा संपता संपता एका जल्व्यात लसाद आपल्या रुबाबात फिरत असताना भिंतीशी बसलेल्या एका फार म्हाताऱ्या बाईने काठीने त्याचे धोतरासारखे लोंबणारे कॅमेऱ्याचे पट्टे ओढले.

"पोरा, उलटा फिरतोयस."

"कसा काय, आजी?"

"माझ्या जल्व्यात फोटोवाला उजवीकडून गेला होता. आजकाल कुणाला काही माहीत नसतं."

बाईच्या तरुणपणी महदियात कॅमेरा आला होता की नाही, हा प्रश्न लसादच्या ओठांवर आला. पण आजूबाजूच्या साऱ्या बायका गंभीरपणे माना डोलावत होत्या. तेव्हा त्याने क्षमा मागितली आणि शेवटची फेरी आजींच्या मनासारखी, नवरीच्या विरुद्ध दिशेने मारली.

त्या फेरीत त्याने शटर दाबले नाही. फक्त उलुकारांना मान लववत गेला.